‘उघडत नाही’ : एक तक्रार, चार शेरे

आमच्या धारवाडच्या घरात कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक जुना संगणक अहोरात्र चालू असतो. त्यावर आम्ही एक लहानसे संकेतस्थळ चालवतो. या भागातील न्यायालयीन व महसुली कागदपत्रांत मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत रुळलेल्या शब्दांचा तो संग्रह आहे. ‘कैफियत’ दोन्हीकडे आहे. मराठी ‘दावा’ कन्नडमध्ये ‘दावे’ झाला आहे. ‘वहिवाट’ म्हटले की मराठी वकिलाला ताबा व उपभोग आठवतो, तर कन्नड व्यापाऱ्याला ‘वहिवाटु’ म्हणजे उलाढाल आठवते. असे काही शे शब्द, त्यांचे अर्थ आणि जुन्या दस्तऐवजांतील त्यांचे वापर आम्ही सवडीने नोंदवीत आलो आहोत.

गेल्या पावसाळ्यात बेळगावहून भाच्याचा फोन आला. “मामा, तुमची साइट उघडत नाही.” आम्ही समोरच्या संगणकावर पाहिले, तर ती क्षणात उघडली. “तुझंच नेट गेलं असेल,” असे सांगून आम्ही फोन ठेवला. दोन दिवसांनी हुबळीच्या एका सहकारी वकिलांनी न्यायालयाच्या आवारात तेच सांगितले. आठवड्याने सोलापूरच्या एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले, त्यातही तेच वाक्य होते : साइट उघडत नाही. तीन शहरांतील तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते आणि आम्ही मात्र स्वतःच्या घरात बसून स्वतःच्या बाजूने एकतर्फी निकाल देऊन मोकळे झालो होतो.

हा दोष शोधताना जे हाती लागले, ते तांत्रिक आहे तितकेच भाषिक आणि कायदेशीरही आहे. म्हणूनच ते येथे मांडत आहोत.

‘उघडत नाही’ हे एकच वाक्य आहे, पण त्याच्या पोटात किमान चार वेगवेगळे दोष दडलेले असतात. ब्राउझर त्या प्रत्येकासाठी निराळा संदेश दाखवतो. तो बहुधा इंग्रजीत आणि आडवळणाने लिहिलेला असतो, म्हणून आपण तो वाचतच नाही. पडदा पाहतो आणि ‘उघडत नाही’ म्हणतो. वास्तविक या चारही अवस्थांना नेमके शब्द आपल्याकडे पूर्वापार आहेत. कोर्टाची नोटीस किंवा समन्स बजावणीविना परत येते, तेव्हा पोस्टमन वा बेलीफ त्यावर शेरा लिहितो : ‘पत्ता सापडत नाही’, ‘घेण्यास नकार’, ‘दार बंद’, ‘या पत्त्यावर हा इसम राहत नाही’. कोणताही वकील परत आलेल्या पाकिटावर आधी हा शेरा वाचतो आणि मगच पुढचे पाऊल ठरवतो. संकेतस्थळाच्या बाबतीतही हीच शिस्त पाळावी, असे आमचे म्हणणे आहे.

पहिला शेरा ‘पत्ता सापडत नाही’. संकेतस्थळाचे नाव माणसांसाठी असते, यंत्रांना आकड्यांतला आयपी पत्ता लागतो. नावावरून आकडा सांगणारी नोंदवही म्हणजे डीएनएस. त्या वहीत आपली नोंदच नसेल, नावाची मुदत संपली असेल किंवा नाव टंकताना चूक झाली असेल, तर पाहुणा घराच्या दिशेने निघतच नाही. देवनागरी नावांच्या बाबतीत येथे आणखी एक मेख आहे. देवनागरीतील ‘.भारत’ हे प्रत्यय २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले आणि त्यात मराठीचाही समावेश आहे. पण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक मराठी डोळ्याला जितका स्पष्ट दिसतो, तितका संगणकाच्या पोटात सरळ नाही. ‘दऱ्या’मधील जोडाक्षर एका कळफलकावरून एका प्रकारे, तर दुसऱ्यावरून न दिसणारे जोडचिन्ह घालून निराळ्या प्रकारे उमटते. दिसायला एक, पण नोंदवहीत दोन! म्हणून संकेतस्थळाच्या नावात असे जोडाक्षर टाळावे, हे उत्तम.

दुसरा शेरा ‘घेण्यास नकार’. हा शेरा वाईट वाटतो, पण वकिलाला तो आवडतो. कारण पत्ता बरोबर आहे आणि त्या पत्त्यावर कोणीतरी आहे, हे त्यातून सिद्ध होते. नोंदणीकृत टपालाने योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस घेण्यास नकार दिला, तर बजावणी झाली असेच न्यायालये सामान्यतः धरतात. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याच्या कलम २७ मधील गृहीतकाचा आधार त्याला असतो. येथेही तसेच आहे. पाहुणा यंत्रापर्यंत, निदान राऊटरपर्यंत, पोहोचला. पण त्या पोर्टवर दार उघडायला कोणी नव्हते. सर्व्हर बंद पडला आहे काय, हे पाहावे. तो केवळ १२७.०.०.१ या स्वतःच्याच पत्त्यावर कान लावून बसला आहे काय, हेही पाहावे. तसे असेल तर त्याच यंत्रावर संकेतस्थळ झकास उघडते आणि शेजारच्या खोलीतूनही उघडत नाही. त्याला ०.०.०.० वर, म्हणजे यंत्राच्या सर्व पत्त्यांवर, ऐकायला सांगावे लागते.

तिसरा शेरा ‘या पत्त्यावर हा इसम राहत नाही’. पाहुणा दारात पोहोचला, दार उघडले, पण समोरच्याचे ओळखपत्र जुळेना. प्रमाणपत्राची मुदत संपली किंवा ते दुसऱ्याच नावाचे असले, म्हणजे ब्राउझर मोठा इशारा देऊन पाहुण्याला मागे फिरवतो. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था प्रमाणपत्रे विनामूल्य देते, पण त्यांची मुदत थोड्याच काळाची असते. नूतनीकरणाच्या नेहमीच्या पद्धतीत ती संस्था बाहेरून आपल्या पोर्ट ८० वर येऊन खात्री करते. बाहेरचा रस्ताच बंद असेल, तर नूतनीकरणही अडते. एका दोषाच्या पोटी दुसरा जन्मतो. अशा वेळी खात्रीसाठी नावाच्या नोंदवहीत विशिष्ट नोंद घालण्याची दुसरी पद्धत उपयोगी पडते.

चौथा शेरा ‘दार बंद’. पाहुणा दार ठोठावत राहतो. होकार नाही, नकार नाही. शेवटी वेळ संपल्याचा संदेश येतो. हा सर्वांत फसवा शेरा आहे, आणि आमच्या भाच्याच्या पडद्यावर हाच होता. तो त्याने वाचून दाखवला, तेव्हा कुठे आमचा शोध सुरू झाला.

हा शेरा समजून घेण्यासाठी जुना वाडा डोळ्यांसमोर आणावा. वाड्यात दहा बिऱ्हाडे, पण रस्त्याकडे दिंडी दरवाजा एकच. बाहेरच्या जगाला वाड्याचा क्रमांक ठाऊक. आत कोण कोणत्या खणात राहतो, ते देवडीवरच्या माणसाला ठाऊक. घरातला राऊटर म्हणजे ही देवडी. आतली यंत्रे १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते वापरतात, आणि तेच पत्ते लाखो घरांत वापरले जातात. आतून कोणी बाहेर पत्र धाडले, तर देवडीवाला ते लक्षात ठेवतो आणि उत्तर आले की योग्य बिऱ्हाडात पोहोचवतो. पण बाहेरून कोणी आपण होऊन आला, तर त्याला कुठे न्यायचे हे देवडीवाल्याला आधी सांगून ठेवावे लागते. पोर्ट ८० आणि ४४३ वर येणाऱ्याला अमुक यंत्राकडे न्या, ही ती सूचना. तिला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

घरात साइट उघडते म्हणजे ती चालू आहे, हा आमचा पहिला भ्रम येथेच मोडला. आतून तपासताना आपले पत्र दिंडी दरवाजाबाहेर गेलेलेच नसते. म्हणून पहिली खरी तपासणी म्हणजे मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावरून संकेतस्थळ उघडून पाहणे. याच्या उलटही घडते : बाहेर सर्वांना उघडते, पण काही राऊटर आतल्या माणसाला वाड्याच्या बाहेरच्या नावाने पुन्हा आत येऊ देत नाहीत. तात्पर्य, घरातला पुरावा होकाराचा असो वा नकाराचा, तो निर्णायक धरू नये.

मग आम्ही क्रमाने पाहिले. यंत्राची स्वतःची फायरवॉल त्या पोर्टना वाट देत होती. वीज गेल्यानंतर यंत्राला आतला पत्ता नवा मिळाला असेल आणि राऊटरची सूचना जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत असेल, अशी शंका होती. पण तो पत्ता आम्ही राऊटरमध्ये पूर्वीच राखून ठेवला होता. सूचनाही जागेवर होती. शेवटी राऊटरच्या पानावर त्याला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता पाहिला आणि ‘माझा आयपी कोणता’ हे सांगणाऱ्या एका संकेतस्थळावरचा पत्ता शेजारी लिहिला. दोन्ही जुळेनात! राऊटरवरचा पत्ता १००.७२ ने सुरू होत होता. खटल्याची किल्ली येथे सापडली.

१००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये सेवापुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला गेला. त्यात ४१,९४,३०४ पत्ते आहेत आणि त्यांपैकी एकही महाजालावरून थेट गाठता येत नाही. असा पत्ता दिसला, म्हणजे आपल्या वाड्याबाहेर आणखी एक वेस आहे असे समजावे. सगळ्या पेठेला मिळून बाहेरच्या जगात एकच क्रमांक, आणि वेशीवरचा पहारेकरी पुरवठादाराचा. आपल्या देवडीवर कितीही सूचना लावल्या, तरी पाहुणा वेशीवरूनच परत जातो. (राऊटरवर बाहेरचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा दिसला, तर बहुधा आपल्याच घरात दोन राऊटर एकामागे एक बसले आहेत. तो दोष मात्र घरच्या घरी सुटतो.)

ही व्यवस्था का आली, तेही न्यायाने सांगितले पाहिजे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास आहेत आणि जगाची लोकसंख्या ८०० कोटींहून अधिक. जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचा साठाही शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. नंतर आलेल्या पुरवठादारांनी पत्ते आणायचे कोठून? तेव्हा एका पत्त्यामागे अनेक घरे बसवणे ही लबाडी नव्हे, टंचाईतली तडजोड आहे. आमचा आक्षेप तडजोडीला नाही. ती न सांगता करण्याला आहे.

आमच्या पुरवठादाराने उपकरणे बदलताना आमची जोडणी सामायिक पत्त्यावर हलवली होती. हे त्याने आम्हांला कळवले नाही. ग्राहकसेवेला विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, “सर, नेट चालू आहे, स्पीडही पूर्ण आहे.” हे उत्तर खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते अपुरे होते. बाहेर जाण्याचा वेग पूर्ण होता. आत येण्याची वाट शून्य होती. दूरध्वनी घेतला आणि त्यावरून फक्त फोन करता आला, कोणाचा फोन येऊच शकला नाही, तर त्याला आपण चालू दूरध्वनी म्हणू काय?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम २(९) अन्वये सेवेचा दर्जा, प्रमाण व मानक यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. कलम २(११) मधील ‘त्रुटी’च्या व्याख्येत संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणेही येते. दूरसंचार सेवेविषयीची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालते की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या प्रकरणात ग्राहकाच्या बाजूने मिटवला आहे. शिवाय कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. पुरवठादाराच्या मुख्यालयाच्या शहरी जावे लागत नाही. अर्थात माहिती हेतुपुरस्सर दडवली होती काय, हे प्रत्येक प्रकरणात सिद्ध करावे लागेल. घरगुती जोडणीवर सर्व्हर चालवू नये, अशी अट करारात असेल तर तीही आधी वाचावी. पण ‘आम्हांला कोणी विचारलेच नव्हते’ हा पुरवठादाराचा बचाव आपण एका साध्या पत्राने काढून घेऊ शकतो.

पत्रात चार प्रश्न असावेत :

१. माझ्या जोडणीला दिलेला आयपी पत्ता सार्वजनिक आहे की सामायिक?

२. सार्वजनिक असल्यास तो स्थिर आहे की बदलता? स्थिर हवा असल्यास आकार किती?

३. बाहेरून येणाऱ्या जोडण्यांसाठी कोणकोणते पोर्ट बंद ठेवले आहेत?

४. आयपीव्ही६ दिले आहे काय, आणि त्यावर बाहेरून येणारी जोडणी अडवली जाते काय?

पत्र मराठीत लिहावे आणि येथे राहणाऱ्यांनी सोबत कन्नड वा इंग्रजी प्रत जोडावी. उद्देश उत्तर मिळवण्याचा आहे. पोच मात्र जरूर घ्यावी.

आमच्या दुसऱ्या पत्रानंतर पुरवठादाराने वार्षिक आकार घेऊन स्थिर सार्वजनिक पत्ता दिला. नावाच्या नोंदवहीत जुना आकडा होता, तो बदलला. देवडीवरची जुनी सूचना तशीच होती. त्या संध्याकाळी भाच्याचा फोन आला, “मामा, उघडलं.” पत्ता बदलता असता, तर तो बदलताच नोंदवही आपोआप सुधारणारी एखादी सेवा लावावी लागली असती.

ज्यांना असा पत्ता मिळणार नाही, त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली आयपीव्ही६ ची. त्या पद्धतीत पत्त्यांची टंचाई नाही. प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. भारतात या पद्धतीचा प्रसार मोठा आहे. तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बाहेरून आलेल्याला अडवायचे, हा बहुतेक राऊटरांचा आयपीव्ही६ वरही मूळ शिरस्ता असतो, म्हणून तेथेही परवानगी द्यावी लागते. आणि ज्या पाहुण्याच्या जोडणीला आयपीव्ही६ नाही, त्याला हे दार दिसतच नाही. दुसरी वाट बोगद्याची. सार्वजनिक पत्ता असलेला एक लहान संगणक दूरच्या केंद्रात भाड्याने घ्यावा आणि घरच्या यंत्राने आतूनच त्याच्याशी कायमची जोडणी धरून ठेवावी. ‘वायरगार्ड’सारख्या मोफत साधनाने हे साधते. पाहुणे भाड्याच्या दारात येतात आणि बोगद्यातून घरी पोहोचतात. आतून बाहेर जाण्यास वेशीवर मज्जाव नसतो, हेच यामागचे मर्म.

एवढा खटाटोप घरी कशासाठी, भाड्याची जागा घेऊन मोकळे व्हावे, असे आमच्या सहकाऱ्यांचे मत आहे. ते बहुतेकांच्या बाबतीत बरोबर आहे. वीज जाते, यंत्रे जुनी होतात, आणि दार उघडले की पाहुण्यांआधी चोर येऊन कडी हलवून पाहतात. पोर्ट उघडल्यावर काही तासांतच अनोळखी यंत्रांचे ठोठावणे नोंदीत दिसू लागते. म्हणून दोनच पोर्ट उघडावेत, राऊटरचे सर्वच दरवाजे एका यंत्राकडे वळवण्याचा ‘डीएमझेड’ हा झटपट उपाय करू नये, प्रणाली अद्ययावत ठेवावी आणि संग्रहाची प्रत दुसऱ्या ठिकाणी राखावी. हे जमणार नसेल, तर भाड्याची जागाच बरी. आमचा आग्रह एवढाच की, ही निवड ग्राहकाची असावी. पुरवठादाराने न सांगता केलेली नसावी.

यात भाषेचा भाग पुष्कळ आहे. सोलापूरच्या शिक्षकांनी ‘उघडत नाही’ एवढेच लिहिले, कारण पडद्यावरचा इंग्रजी मजकूर त्यांना आपल्यासाठी लिहिलेला वाटला नाही. त्यांनी ‘दार बंद’ असा शेरा कळवला असता, तर आमचे तीन आठवडे वाचले असते. पत्ता, देवडी, वेस, शेरा, नकार, बजावणी हे शब्द आपल्याकडे तयार आहेत आणि ते या कामाला पुरेसे आहेत. पोर्ट आणि राऊटर यांना घरात घ्यायला हरकत नाही. ‘वकील’ आणि ‘कैफियत’ही बाहेरूनच आले होते.

तेव्हा या लेखाच्या वाचकांना विनंती अशी की, आपल्या राऊटरवरचा बाहेरचा पत्ता आज एकदा पाहावा आणि वरील चार प्रश्नांचे पत्र आपापल्या पुरवठादाराला पाठवावे. घरी संकेतस्थळ चालवण्याचा विचार आज नसला, तरी आपण विकत घेतलेल्या जोडणीला आत येण्याची वाट आहे की नाही, हे ठाऊक असलेले बरे. आणि आमचा संग्रह पुन्हा कधी दिसेनासा झाला, तर ‘उघडत नाही’ एवढेच न कळवता शेराही कळवावा.